वडगाव कोणते? : जोडमाहितीच्या सॉफ्टवेअरांची परीक्षा

महाराष्ट्रात वडगावे किती आहेत, हे एखाद्या पोस्टमनला विचारून पाहावे. पत्त्यावर तालुका आणि जिल्हा नसला, की पत्र भलतीकडेच जाते. माणसाला निदान मागच्या-पुढच्या मजकुरावरून अंदाज बांधता येतो. संगणकाला फक्त अक्षरे दिसतात. समजा, एका शाळेने गावातील झाडांची नोंद आपल्या संकेतस्थळावर ठेवली. एका विद्यार्थ्याने ‘कडुनिंब’ लिहिले, दुसऱ्याने ‘कडूलिंब’, तिसऱ्याने नुसते ‘लिंब’. संगणकाच्या लेखी ही तीन झाडे झाली. पाच-सात वर्षांनी दुसरी शाळा आपल्या नोंदी यांच्याशी ताडून पाहू लागली, की सगळी मेहनत हाताने निवडत बसावी लागते.

या अडचणीवर वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये ‘लिंक्ड डेटा’ची चार सूत्रे मांडली. लिंक्ड डेटाला आपण येथे जोडमाहिती म्हणू. प्रत्येक वस्तू केवळ नावाने न ओळखता तिला एक पत्ता द्यावा. तो पत्ता वेबवर उघडता येण्यासारखा असावा. तो उघडल्यावर यंत्राला वाचता येईल अशा प्रमाणित रूपात माहिती मिळावी. आणि त्या माहितीत इतरांनी दिलेल्या पत्त्यांचे दुवे असावेत. विकिडेटा या २०१२ मध्ये सुरू झालेल्या खुल्या माहितीकोशात मुंबईचा क्रमांक क्यू ११५६ आहे. मुंबई म्हणा, बंबई म्हणा, बॉम्बे म्हणा, क्रमांक तोच.

कल्पना सोपी आहे. पण शिक्षकाला रोज लेख लिहिता येतील, विद्यार्थ्यांना नोंदी भरता येतील आणि हे जोडकामही होईल, असे सॉफ्टवेअर आहे का? ‘आमच्याकडे ही सोय आहे’ असे सांगणारी पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे पाहताना आम्ही तीनच प्रश्न विचारतो. लेखाला नव्हे, तर लेखातल्या वस्तूला स्वतंत्र पत्ता मिळतो का? त्या वस्तूला बाहेरचा पत्ता जोडता येतो का? आणि भरलेली माहिती जोडांसकट परत बाहेर काढता येते का?

सर्वांत प्रचलित वर्डप्रेस पहिल्याच प्रश्नाला अडखळते. लेखाला ‘वडगाव’ असा टॅग लावला, की एक पान तयार होते खरे. पण ते पान गावाचे नसते, त्या शब्दाखाली आलेल्या लेखांची ती यादी असते. जोडसॉफ्टवेअर, म्हणजे प्लगइन, बसवली तर लेखाचे शीर्षक, लेखक, तारीख हे सारे ‘स्कीमा डॉट ऑर्ग’च्या शब्दसंचात छापले जाते. हा शब्दसंच २०११ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू या शोधयंत्रे चालवणाऱ्या कंपन्यांनी काढला. त्यांना पाकिटावरचा मजकूर नीट हवा होता आणि तो त्यांना मिळाला. पाकिटाच्या आत काय आहे, याची विचारपूस त्यात फारशी नाही. वर्डलिफ्टसारखे वर्गणीचे प्लगइन वस्तूंना पाने देते आणि ती विकिडेटाशी जोडतेही. पण शाळेच्या खर्चात अशी कायमची वर्गणी बसवणे अवघड आहे.

ड्रुपलची कथा अधिक शिकवणारी आहे. जानेवारी २०११ मध्ये त्याची सातवी आवृत्ती आली, तेव्हा जोडमाहितीचे लेखन तिच्या गाभ्यातच होते. त्यामागे आयर्लंडमधील गॉलवे येथील संशोधकांचे काम होते. मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरात ही सोय आयती मिळत होती आणि तिचे कौतुकही झाले. पण बारकाईने पाहिले तर आपोआप काय नोंदले जात होते? शीर्षक, दिनांक, लेखक, प्रतिक्रियांची संख्या. म्हणजे पुन्हा पाकीटच. कडुनिंबाचे पान खरोखर कडुनिंबाविषयी आहे, हे यंत्राला सांगायचे तर जादा मोड्यूल बसवून प्रत्येक रकान्याचा अर्थ हाताने जुळवावा लागे. हे कष्ट थोड्यांनीच घेतले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये दहावी आवृत्ती आली, तेव्हा ही सोय गाभ्यातून काढून वेगळ्या मोड्यूलमध्ये टाकण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये सातव्या आवृत्तीची अधिकृत देखभालही थांबली. आम्ही यासाठी ड्रुपलला दोष देणार नाही. ज्या सोयीचा फायदा लिहिणाऱ्याला स्वतःला दिसत नाही, ती टिकत नाही. विद्यार्थ्याने जोड दिला आणि पडद्यावर त्याच क्षणी काहीच बदलले नाही, तर तो दुसऱ्यांदा जोड का देईल?

नेमकी ही गोष्ट सिमँटिक मीडियाविकीच्या कर्त्यांनी ओळखली होती. जर्मनीतील कार्ल्सरूह येथे २००५ मध्ये सुरू झालेले हे काम विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरवर चढवलेला थर आहे. वाक्य लिहितानाच दुहेरी चौकटी कंसात ‘उंची’, मग दोन विसर्गचिन्हे आणि पुढे ‘१२ मीटर’ असे लिहायचे. लगेच दुसऱ्या पानावर ‘दहा मीटरहून उंच झाडे’ अशी यादी मागता येते आणि ती आपोआप ताजी राहते. वर्गात दाखवावा असाच हा प्रकार आहे. दोष त्याच्या मोकळेपणात आहे. एकाने ‘उंची’ लिहावे, दुसऱ्याने ‘झाडाची उंची’, तिसऱ्याने ‘ऊंची’; म्हणजे झाडांच्या नावांचा गोंधळ मिटवायला गेलो आणि गुणधर्मांच्या नावांचा सुरू झाला. सुरुवातीलाच नमुने आणि तक्ते बांधून देणारा एक चिकाटीचा शिक्षक नसेल, तर याच्या वाटेला जाऊ नये. याच मंडळींपैकी डेनी व्रांदेचिच पुढे विकिडेटाच्या उभारणीत अग्रभागी होते, हे जाता जाता सांगायला हवे.

चौथे ओमेका एस. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या रॉय रोझेनझ्वाइग केंद्राने त्याची पहिली आवृत्ती २०१७ मध्ये काढली. मूळ उद्देश ग्रंथालये आणि संग्रहालये यांचा, आणि म्हणूनच येथे वस्तू आधी येते, लेख नंतर. प्रत्येक रकान्यात तीन प्रकारांनी मूल्य भरता येते : साधा मजकूर, संग्रहातलीच दुसरी वस्तू, किंवा बाहेरचा पत्ता. मजकुराला भाषेची खूण लावता येते, त्यामुळे ‘कडुनिंब’ हे मराठी नाव आणि ‘अझाडिरॅक्टा इंडिका’ हे शास्त्रीय नाव एकाच वस्तूवर गुण्यागोविंदाने नांदतात. नोंदीचा साचा एकदा ठरवला की सर्व विद्यार्थी त्याच रकान्यांत भरतात. सगळी माहिती जोडांसकट प्रमाणित रूपात बाहेरही येते. आमच्या तिन्ही प्रश्नांना होकारार्थी उत्तर देणारे आणि नवख्याच्या हाती देण्याजोगे हे एकच. मात्र रोजनिशीसारखे ओघवते लिखाण यात होत नाही. पाने तुकडे जोडत बांधावी लागतात, आणि त्याचा कंटाळा येतो. आम्ही तर म्हणू की लेख वर्डप्रेसवर राहू द्यावेत, झाडे ओमेकात ठेवावीत आणि लेखातून झाडाच्या पत्त्याकडे दुवा द्यावा.

एक गोष्ट मात्र यांतले कोणतेच सॉफ्टवेअर सांभाळू शकत नाही. वस्तूचा पत्ता संकेतस्थळाच्या नावावर टांगलेला असतो, आणि ते नाव मुदत संपली की पैसे भरून पुन्हा घ्यावे लागते. ज्या शिक्षकाने नाव नोंदवले त्याची बदली झाली, भरणा राहिला, की सर्व झाडांचे पत्ते एका रात्रीत मरतात. म्हणून भरलेल्या नोंदींची प्रत दरवर्षी बाहेर काढून शाळेच्या कपाटात ठेवावी आणि नाव मुख्याध्यापकांच्या पदाच्या खात्यावर नोंदवावे.

सॉफ्टवेअर घ्यायला वर्ष लागणार असेल तरी काम अडत नाही. साध्या तक्त्यात दोन रकाने आजच वाढवता येतील : झाडापुढे शास्त्रीय नाव व विकिडेटाचा क्रमांक, आणि वडगावापुढे २०११ च्या जनगणनेतील त्याचा सहा अंकी ग्रामसंकेतांक.