पडद्यावरचे इलेक्ट्रॉन

कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू झालेल्या 'फेट' प्रकल्पातला विद्युत परिपथ आम्ही संगणकावर जोडून पाहिला. परिपथ पूर्ण होताच तारेतले सारे निळे इलेक्ट्रॉन एकदम हलू लागतात. दिव्याच्या अलीकडे जितक्या वेगाने, तितक्याच वेगाने पलीकडेही. 'दिवा प्रवाह खाऊन टाकतो' ही मुलांची समजूत फळ्यावरच्या आकृतीने सहसा हलत नाही, ती इथे डळमळते. पण इलेक्ट्रॉन पळतात फारच जोरात! १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेत १ अँपिअर प्रवाहाला ते सेकंदाला मिलिमीटरचा दहावा भागही सरकत नाहीत. हे शिक्षकांनीच सांगायला हवे. शिवाय पडद्यावर तारेचे टोक गंजत नाही. म्हणून आधी मुलांचा अंदाज वहीत, मग संगणक, आणि त्याच तासाला हातात खरा सेल, तार व टॉर्चचा दिवा.