पहारेकऱ्याचा संशय

21 एप्रिल 2010 रोजी मॅकॅफी कंपनीच्या अँटिव्हायरसने विंडोज एक्सपीमधील ‘एसव्हीसीहोस्ट’ ही फाइल व्हायरस ठरवली. विंडोजच्या कितीतरी सेवा याच फाइलवर चालतात. ती हातची जाताच जगभर हजारो संगणक पुन्हा पुन्हा बंद पडून सुरू होऊ लागले. व्हायरस मात्र नव्हताच.

अँटिव्हायरस फाइलमधील खुणा ज्ञात व्हायरसच्या खुणांशी ताडून पाहतो. हे साम्यावरून काढलेले अनुमान झाले, निदान नव्हे. संगणकात एक लाख फाइली असतील आणि चूक लाखात एकदाच होत असेल, तरी निरोगी संगणकाच्या एका तपासणीत सरासरी एक निरपराध फाइल सापडणारच. (वर्गात हे गणित जरूर घालावे.)

आमचा आक्षेप अनुमानाला नाही, घाईला आहे. एक्सपी काही दुर्मीळ प्रणाली नव्हती. तिच्यावर पुरती चाचणी न घेता नवी यादी पाठवणे अक्षम्यच. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष सुधारणेने सुमारे 85 लाख संगणक कोलमडले, ते खोट्या संशयामुळे नव्हे. पण घाईची जात तीच.

कोल्हापुरातल्या एखाद्या शाळेत विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला छोटा प्रोग्रॅमही असा पकडला जाऊ शकतो. त्याला रागावण्याआधी फाइल पुसू नये. अलग ठेवून दुसऱ्या अँटिव्हायरसकडून तपासून घ्यावी.