ठिगळ, जोड आणि कांचळी

परीक्षणात ‘ठिगळं जोडली आहेत’ असा शेरा पडला, की पुस्तक निकालात निघालं. १९१२ मध्ये पिकासोनं वेताच्या विणीचा छाप असलेलं मेणकापड चित्रात डकवलं, त्याला मात्र आपण कोलाज म्हणतो. मंठ्याजवळच्या तांड्यावर पाहिलेली, गोरमाटी बाईनं घरी शिवलेली जुनी कांचळी मला या भेदभावाचं उत्तर वाटते. छातीवर आरसे, पाठीला नुसते बंद. बाह्या फुलांच्या छापाच्या, कडेला ठिपक्यांचं कापड. दोन छाप एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये साधी लाल पट्टी. नुसतं उरलेलं कापड संपवायचं असतं, तर ही पट्टी लागलीच नसती. ती नजरेनं घातली आहे. आपल्या लेखनात अशा पोशाखाला ‘रंगीबेरंगी’ एवढंच विशेषण मिळतं (सणाच्या बातमीतही तेच); पट्टीबद्दल कोणी लिहीत नाही.