साक्षीत न मावलेले वडील

लहानपणी रविवारच्या उपासनेत मी पुष्कळ साक्षी ऐकल्या. कुणी दारू सोडलेली असे, कुणी मोठ्या आजारातून उठलेलं असे. साचा ठरलेला : आधी अंधार, मग तो एक दिवस, मग उजेड. आणि शेवटी, ‘देवाने माझ्यावर प्रेम केलं.’ सांगणाऱ्याचा गळा दाटून यायचा. मी मात्र ‘माझ्यावर’ या शब्दापाशी अडायचो. देव सगळ्यांवर प्रेम करतो हे मानणं सोपं आहे. तो माझ्यावर करतो, हे माणसाला कळतं तरी कसं?

हा प्रश्न घेऊन मी पंडिता रमाबाईंची ‘अ टेस्टिमनी’ ही १९०७ सालची छोटी इंग्रजी पुस्तिका पुन्हा वाचली. मराठीत रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल जे लिहिलं गेलं, त्यात त्या ख्रिस्ती ‘का’ झाल्या यावरच सगळा भर असतो. पण त्यांच्या स्वतःच्या सांगण्यात एक वेगळाच पेच आहे. बाप्तिस्मा झाला १८८३ मध्ये, इंग्लंडमधल्या वाँटेज इथे. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. धर्मांतराची कहाणी सांगताना ‘माझं धर्मांतर अपुरं होतं’ असं लिहायला धैर्य लागतं. ज्यांनी विश्वासाने बाप्तिस्मा दिला आणि ज्यांनी त्यावरून शिव्या दिल्या, त्या दोघांनाही हे वाक्य अडचणीचं आहे.

मग १८८३ मध्ये नेमकं काय सापडलं होतं? रमाबाई ते सांगतात. वाँटेजच्या भगिनींचं फुलहॅम इथलं काम त्यांनी पाहिलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे मायेने वागवलं जात होतं. आपल्याकडे अशा बाईला कुठे जागा आहे, हा प्रश्न त्यांना पडला. तिथेच त्यांनी येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकली. शास्त्रं कोळून प्यायलेल्या, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या या बाईला जाणवलं की हा देव बायकांना टाकत नाही. पण हे प्रेम दुसऱ्यांवरचं होतं. रमाबाई ते पाहत होत्या, पटवून घेत होत्या, त्यासाठी कामाला लागायला तयार होत्या. विहिरीपाशी उभी असलेली बाई आपणच आहोत, असं अजून त्यांना वाटलेलं नव्हतं.

ते वाटलं १८९१च्या सुमारास. विल्यम हॅसलम या इंग्रज पाद्र्याचं पुस्तक त्यांच्या वाचनात आलं होतं. हा माणूस स्वतःच्याच प्रवचनाने, व्यासपीठावर उभा असताना बदलला. पाद्र्यालाही ख्रिस्त नव्याने भेटावा लागतो, तर पंडितेला का नाही?

आता माझी तक्रार. या पुस्तिकेचा कळस व्हायला हवा तो हाच भाग, आणि नेमका तोच फिका आहे. पापाचं ओझं, क्षमा, तारण, पाठोपाठ बायबलची वचनं. यातलं काहीही खोटं नाही, पण हे कुणाच्याही साक्षीत चालून जाईल. ‘माझ्यावर’ म्हणताना ‘मी’ कोण, ते इथे दिसत नाही. साक्षीच्या साच्याने रमाबाईंसारख्या लेखिकेलाही आपल्या मापात बसवून घेतलं.

ती ‘मी’ मला दुसरीकडे सापडली. १८९७ मध्ये, देशात दुष्काळ असताना, रमाबाईंनी आपल्या तरुणपणीच्या दुष्काळाची आठवण लिहिली. साक्षीत तो काळ थोडक्यात उरकला आहे, इथे तो सविस्तर येतो. अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हिंडत होतं. जवळचं सगळं दानधर्मात गेलं. व्रतं, स्नानं, जप, उपास, काहीही करायचं ठेवलं नाही. पुण्याचा हिशेब चोख होता आणि पदरात काहीच पडलं नाही. शेवटी झाडपाला खायची वेळ आली. वडिलांनी जलसमाधीचा विचार केला, मुलाने मजुरी करायची तयारी दाखवली म्हणून तो राहिला. तेव्हा, १८७४ मध्ये, रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या.

निरोपाच्या त्या प्रसंगी वडिलांनी त्यांना दुबळ्या हातांनी जवळ घेतलं, डोक्यावरून आणि गालांवरून हात फिरवला. तू माझी सर्वांत धाकटी, सर्वांत लाडकी, असं सांगितलं. तुला मी देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याचीच आहेस, म्हणाले. हे लिहिताना रमाबाई ख्रिस्ती होऊन चौदा वर्षं झाली होती. वडिलांना खरा देव ठाऊक नव्हता, अशी खंत त्या व्यक्त करतात आणि लगेच म्हणतात, की जो देव त्यांना अज्ञात होता, त्याचीच सेवा त्यांनी जीव ओतून केली.

त्यांची धर्मशास्त्रीय भूमिका वडिलांना उंबऱ्याबाहेर ठेवते, त्यांचं गद्य मात्र त्यांना आत घेतं. ना. वा. टिळक ख्रिस्ताकडे आले ते तुकोबांच्या पुलावरून, असं आपण नेहमी ऐकतो. रमाबाईंच्या साक्षीत असा पूल नाही, मागे सोडलेला काठ तेवढा आहे. पण दोन्ही लेखन शेजारी ठेवून वाचलं की पूल दिसतो. हिशेब न पाहता, नावानिशी, तुझ्यावर म्हणून केलेलं प्रेम त्यांना आधी विष्णूची भक्ती करणाऱ्या बापाने दिलं होतं. देवाला ‘बाप’ म्हणताना त्या शब्दात आधीपासून एक स्पर्श होता.

यावर आमच्या मंडळीतला कुणी म्हणेल, की तुम्ही देवाचं प्रेम माणसाच्या प्रेमावर आणून ठेवलंत. मला तसं वाटत नाही. ज्याच्या गालावरून कधीच हात फिरला नाही, त्यालाही देव भेटू शकतो. पण ज्याच्या गालावरून फिरला, त्याने त्या हाताचं देणं मान्य करावं, एवढंच माझं म्हणणं. रमाबाईंनी ते साक्षीत मान्य केलं नाही. कामात केलं. १८९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुली आणि विधवांना घेऊन आल्या, आणि त्यामागे आपली जुनी भूक होती हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. केडगावचं मुक्ती सदन त्यातून वाढलं.

म्हणून, रमाबाईंची साक्ष जरूर वाचावी, पण दुष्काळाची आठवण आधी वाचावी. मग ‘माझ्यावर’ हा शब्द येतो, तेव्हा तो कुणाचा आहे ते कळतं.