गाण्याचे वस्त्र आणि गाण्याचा देह

एखादे परिचित गाणे वाद्यांचा साज उतरवून पुन्हा ऐकविले, की श्रोत्यांत तत्काळ दोन तट पडतात. एक तट म्हणतो, “आता कोठे खरे गाणे ऐकू आले!” दुसरा म्हणतो, “सौंदर्य होते ते घालविले; उरला तो सांगाडा.” डोंबिवलीसारख्या गानप्रेमी गावात भावगीतांच्या कार्यक्रमानंतर घरी परतणाऱ्या वडीलधाऱ्यांत काय, किंवा लोकलच्या गर्दीत इयरफोन लावून विलायती गाणी ऐकणाऱ्या त्यांच्या नातवंडांत काय, वाद हाच. दोन्ही पक्ष हिरिरीने बोलतात. परंतु मुळात ते गाणे कशाच्या आधारावर उभे होते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

प्रथम विलायतेतील एक उदाहरण घेऊ. ज्या संगीतप्रकारास तिकडे ड्रीम पॉप म्हणतात, त्याच्या आद्य प्रवर्तकांत कॉक्टो ट्विन्स या स्कॉटलंडमधील वाद्यवृंदाची गणना होते. रॉबिन गुथ्री याच्या गिटारीचे नाद एकमेकांत विरघळून त्यांचे जणू धुके व्हावे, आणि त्या धुक्यातून एलिझाबेथ फ्रेझर हिचा आवाज तरंगत यावा, असे त्यांच्या गाण्याचे सामान्य स्वरूप. या गायिकेचे शब्द पुष्कळदा अर्थासाठी नव्हे, तर केवळ नादासाठी निवडलेले असत. १९९५ साली या मंडळींनी ‘ट्विनलाइट्स’ नावाची चार गीतांची छोटी ध्वनिमुद्रिका काढली आणि तीत ते धुके दूर सारून साध्या वाद्यांवर गाणी सादर केली. त्यांपैकी ‘पिंक ऑरेंज रेड’ हे गीत दहा वर्षांपूर्वीचे, म्हणजे श्रोत्यांच्या कानांत पूर्ण मुरलेले. साहजिकच कोणास त्या नव्या रूपात गायिकेचा श्वासन् श्वास जवळ आल्याचा आनंद होतो, तर कोणास घरातील ओळखीचा पडदा काढून नेल्यासारखे उघडेबोडके वाटते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. याच ध्वनिमुद्रिकेतील दोन गीते पुढील वर्षी ‘मिल्क अँड किसेस’ या संग्रहात भरगच्च साजासह आली. म्हणजे त्यांच्या बाबतीत साधे रूप आधी प्रसिद्ध झाले व नटलेले मागाहून. ज्याने ती या क्रमाने ऐकली, त्याच्या लेखी साधे तेच मूळ आणि नटलेले ते उपरे! तेव्हा ‘मूळ गाणे बिघडविले’ या तक्रारीत मूळ म्हणजे बहुधा ‘मी प्रथम ऐकलेले’ एवढाच अर्थ असतो. ही प्रीती खोटी नव्हे. पण प्रीती म्हणजे परीक्षण नव्हे.

आपल्याकडे याच अनुभवाचे थोर उदाहरण म्हणजे गीतरामायण. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर ते आठवड्यास एक गीत या क्रमाने प्रसारित झाले. गीते छप्पन्न, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. मात्र गळे अनेक होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके, राम फाटक अशा निरनिराळ्या गायकांकडे निरनिराळी गीते दिली होती. पुढे फडक्यांनी पेटी-तबल्यासारख्या मोजक्या साथीवर सारी गीते एकट्याने गावयास आरंभ केला, आणि तेच रूप गावोगाव पोहोचले. आज डोंबिवलीच्या कोणत्याही मध्यमवर्गीय बिऱ्हाडात गीतरामायण म्हटले, की बाबूजींचाच आवाज आठवतो. नभोवाणीचे मूळ रूप आता ‘निराळे’ वाटते!

या रूपांतरात काहीच गमावले नाही, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. कौसल्येचा किंवा सीतेचा शोक स्त्रीकंठातून येतो, तेव्हा त्यास जी आर्तता लाभते, ती पुरुषकंठास सर्वस्वी साधणे कठीण. तरीही ती गीते उणी वाटली नाहीत, याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. कोण बोलत आहे, कोणास व कोणत्या प्रसंगी बोलत आहे, हे माडगूळकरांचे शब्दच सांगतात; रागांवर आधारलेली चाल त्या शब्दांस उचलून धरते; आणि फडक्यांचा उच्चार तर इतका स्वच्छ, की शेवटच्या रांगेतील श्रोत्याचेही एक अक्षर निसटू नये. येथे वाद्यमेळ हे वस्त्र होते. ते उतरविले तरी देह शाबूत राहिला; किंबहुना अधिक रेखीव दिसला.

कॉक्टो ट्विन्सच्या जुन्या गीतांत ते धुके हे वस्त्र नसून देहाचाच भाग आहे. शब्दांनी अर्थाचा भार उचललेला नाही. तो नादाने उचललेला आहे. तो नाद काढला, की जे उरते तो जुन्या गाण्याचा गाभा नव्हे. ते नवेच गाणे होय. ते सुंदर असू शकते, आमच्या मते आहेही. पण जुन्याचे ‘खरे रूप’ म्हणून त्याची भलावण करणे चुकीचे. त्या कलावंतांचाही तसा दावा असावासे दिसत नाही. कारण त्याच वर्षी त्यांनी ‘अदरनेस’ ही दुसरी मुद्रिका काढली, आणि तीत मार्क क्लिफर्ड या संगीतकाराच्या हातून काही गाणी उलट अधिकच धूसर करून घेतली.

हा विचार एवढ्या विस्ताराने मांडण्याचे प्रयोजन असे, की साधेपणा म्हणजे सच्चेपणा हे समीकरण अलीकडे आपल्या मैफलींतही रूढ होत आहे. कोणतेही गीत घ्यावे, केवळ एका गिटारीवर म्हणावे आणि श्रोत्यांनी ‘किती निखळ!’ म्हणून मान डोलवावी. ज्या गीताचे प्राण त्याच्या वाद्ययोजनेत आहेत, त्याच्यावर या प्रकाराने अन्याय होतो. आणि ज्याचे काव्यच पोकळ आहे, त्यास मात्र फुकटचा मोठेपणा मिळतो. उलटपक्षी, वाद्यांच्या कल्लोळाची सवय जडलेला कान साध्या गाण्यास ‘अपुरे’ म्हणून उठून जातो, तेही तितकेच अरसिकपणाचे. रसिकाने प्रथम ऐकलेल्या रूपाचा मोह घटकाभर बाजूस ठेवावा आणि या गाण्याचा भार शब्द वाहतो, चाल वाहते, कंठ वाहतो की वाद्यांचा नाद वाहतो, एवढे पाहावे. तेवढे उमगले, की काय काढले असता चालेल आणि काय काढले असता गाणेच दुसरे होईल, याचा निर्णय त्यास आपल्या कानांनीच करता येईल.