टोकियोतली व्हेज कोल्हापुरी

परदेशातल्या भारतीय रेस्टॉरंटचं मेनूकार्ड हा आपण सगळे वाचतो, पण ज्यावर कुणी कधी समीक्षा लिहीत नाही असा मजकूर आहे. टोकियोत काही महिने काढले की लक्षात येतं, इथली शेकडो कार्डं म्हणजे मुळात एकच कार्ड आहे. दुपारी ए सेट, बी सेट, सी सेट. बटर चिकन, खिमा, पालक पनीर, डाळ. ताटाबाहेर लोंबणारा गोडसर नान, तोही पोट भरेपर्यंत फुकट. कोबीच्या सॅलडवर नारिंगी ड्रेसिंग. शेवटी लस्सी. एकच कविता शंभर कवींनी आपापल्या नावावर छापावी, तसा प्रकार.

रात्रीचं मोठं कार्ड उघडलं की एखाद्या ठिकाणी आमचं नाव सापडतं. व्हेज कोल्हापुरी, पुढे तीन लाल मिरच्या.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या मलकापूरचा. आमच्याकडे व्हेज कोल्हापुरी कुणाच्या घरी शिजत नाही. आंबा घाटाच्या अलीकडचा हा पावसाळी भाग. ताटात भात, आमटी, नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, एखादी पालेभाजी. मटणाच्या दिवशी तांबडा आणि पांढरा रस्सा. कोल्हापुरी चव म्हणजे उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली कांदा-लसणाची चटणी, आणि ती वर्षभर पुरते. हॉटेलातली व्हेज कोल्हापुरी म्हणजे फ्लॉवर, गाजर, मटार आणि फरसबी, वर तीच टोमॅटो-काजूची ग्रेव्ही, फक्त तिखट वाढवलेली. ग्रेव्ही तयार असते, नाव बदलतं. आम्ही कोडमध्ये एकच फंक्शन वेगवेगळ्या नावांनी वापरतो, तसंच हे.

यावर आपली ठरलेली प्रतिक्रिया असते : 'ओरिजिनल नाही रे, नेपाळी आहे.' टोकियोतल्या भारतीयांच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर हे वाक्य फिरतं. माहिती म्हणून ते बऱ्याचदा खरं असतं. जपानमधली हजारो 'भारतीय' रेस्टॉरंट्स नेपाळी लोक चालवतात. जपानी भाषेत त्यांना 'इन्नेपा' असं टोपणनावच आहे, इंदो अधिक नेपाळ. हिरोकाझु मुरोहाशी या पत्रकाराने २०२४ साली या लोकांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. बागलुंगसारख्या डोंगरी जिल्ह्यातून माणसं कशी आली, एका आचाऱ्यामागून त्याचे नातेवाईक कसे आले, मग प्रत्येकाने आपलं दुकान कसं थाटलं, हे त्यात आहे.

कार्डं सारखी का, याचं उत्तरही तिथेच मिळतं. परदेशी माणसाला जपानमध्ये धंदा काढायचा तर व्हिसासाठी साधारण ५० लाख येनचं भांडवल दाखवावं लागे. २०२५ च्या ऑक्टोबरपासून ही अट ३ कोटींवर गेली. उसनवारी करून दुकान टाकलेला माणूस प्रयोग करत नाही. शेजारच्या दुकानात जे खपतं तेच तो छापतो. म्हणजे ज्याला आपण चवीचा अभाव म्हणतो, तो खरं तर कर्जाचा हिशोब असतो. त्यांना हसण्याआधी आपण हे ध्यानात घ्यायला हवं.

'ओरिजिनल'चा वाद तसा टोकियोला नवा नाही. जपानला करी पोचली ती मेइजी काळात, ब्रिटिशांमार्फत. रासबिहारी बोस १९१५ साली इंग्रजांपासून पळून इथे आले, शिंजुकूच्या नाकामुराया बेकरीवाल्यांनी त्यांना लपवलं, पुढे ते त्या घरचे जावई झाले. १९२७ साली त्याच नाकामुरायामध्ये त्यांच्यामुळे भारतीय पद्धतीची करी मिळू लागली. साहेबाच्या वाटेने आलेल्या करीला एका क्रांतिकारकाने ताटातून दिलेलं ते उत्तर होतं. पण तीही बंगाली माणसाने जपानी गिऱ्हाइकासाठी बसवलेली करी. अस्सल म्हणून ज्याच्यावर बोट ठेवावं, तो पदार्थही कुणीतरी कुठल्यातरी गिऱ्हाइकासाठी जुळवलेलाच निघतो. त्यामुळे 'अस्सल आहे का' या प्रश्नाने चांगलं जेवण सापडत नाही.

मग स्टार बघायचे? इथे आकड्यांचे दोन पंथ आहेत. ताबेलोग या जपानी साइटवर पाचापैकी साडेतीन म्हणजे उत्तम. गूगल मॅप्सवर तेवढ्याच गुणांचं हॉटेल आपण बाद करतो. दोन्हीकडे सरासरीच असते, पण माणसं वेगळी. नान केवढा मोठा आला, वेटर किती हसला, फोटो कसा आला, हे एकदाच येणाऱ्याचे निकष. जो आठवड्यातून चारदा तिथेच जेवतो, तो सहसा रिव्ह्यू लिहीत नाही. डेटा आहे, पण ज्याचं मत हवं तोच त्यात नाही.

माझा निकष त्या चारदा येणाऱ्यावरून ठरतो. इथे उद्या पुन्हा कोण येणार आहे? आपल्याकडे याच प्रश्नावर एक अख्खी संस्था उभी आहे, खाणावळ. रेस्टॉरंटला आजचं गिऱ्हाईक खूश करायचं असतं, खाणावळीला रोजच्या माणसाचं पोट सांभाळायचं असतं. तिथे तेल जास्त झालं तर दुसऱ्या दिवशी तोंडावर ऐकवलं जातं. ही रोजची दुरुस्ती चव टिकवते.

निशी-कासाईची गोष्ट याला पुरावा आहे. टोकियोच्या एदोगावा वॉर्डातला हा भाग. वाय-टू-केच्या धांदलीत भारतीय इंजिनिअर इथे येऊ लागले. जेवणाचे, विशेषतः शाकाहारींचे, हाल होते. १९७८ पासून जपानमध्ये असलेले चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी यांनी त्यांच्या जेवणाची सोय सुरू केली. त्यातून पुढे रेस्टॉरंट झालं. म्हणजे सुरुवात मेसची. याच वॉर्डातून २०१९ साली योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस वॉर्ड सभेवर निवडून आला. त्यांच्या कुटुंबाचं निशी-कासाईतलं रेस्टॉरंटही घरगुती जेवणासाठी ओळखलं गेलं. जिथे वस्ती आहे, तिथे चव आहे. स्टेशनबाहेर मंगळवारी रात्री साडेनऊला कोण एकटं बसून जेवतंय ते काचेतून बघा. कुठल्याही ॲपपेक्षा ते जास्त सांगतं.

आणि खरी खाणावळ हवी असेल तर शिन-ओकुबोला जा. तिथल्या नेपाळी भोजनालयांत विद्यार्थी आणि कामगार दाळभात खायला येतात. भात, पातळ डाळ, परतलेली पालेभाजी, लोणचं. भात आणि डाळ पुन्हा मागता येते. तिथे नानचा आग्रह नाही, गोड ग्रेव्ही नाही. आणि तो आचारी बागलुंगचा असो वा कुठलाही, मलकापूरच्या माणसाला ते ताट ओळखीचं वाटतं. दिवसभर जपान्यांसाठी बटर चिकन रांधणारी माणसं स्वतः काय खातात, हे मेनूकार्डापेक्षा महत्त्वाचं वाचन आहे.

आता आपल्याकडे वळू. कोल्हापुरी हे नाव टोकियोपर्यंत आलं, मग कोल्हापूरची खाणावळ का नाही आली? एक कारण साधं आहे. आपण परदेशी इंजिनिअर पाठवले, आचारी पाठवले नाहीत. पंजाब्यांनी ढाबा नेला, उडुपीकरांनी डोसा नेला, तमिळ कामगारांनी सिंगापूरला केळीचं पान नेलं. आपण लॅपटॉपच्या बॅगेत चटणीची पिशवी नेली आणि ती घरातच संपवली.

दुसरं कारण कागदाचं आहे. जपानमध्ये आचाऱ्याच्या व्हिसासाठी साधारणपणे १० वर्षांच्या अनुभवाचा दाखला लागतो. हॉटेलात नोकरी केलेल्याला तो मिळतो. वीस वर्षं घरगुती डबे आणि खाणावळ चालवलेल्या बाईला दाखला कोण देणार? तिच्या हाताला चव आहे, पण लेटरहेड नाही. आणि ज्यांच्याकडे लेटरहेड आहे, ते हॉटेलची ग्रेव्ही शिकून आलेले असतात. म्हणून कोल्हापूरहून बाहेर पडताना रस्सा मागे राहतो आणि फक्त नाव विमानात बसतं.

याची झळ फक्त टोकियोला बसते असंही नाही. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरच्या फॅमिली हॉटेलांची कार्डं चाळा. पनीर टिक्का, बटर नान, आणि मधेच व्हेज कोल्हापुरी, पुढे मिरच्या. खुद्द कोल्हापूर जिल्ह्यात, पर्यटकांसाठी. इन्नेपावाल्याकडे निदान कर्जाचं कारण आहे. आपल्याकडे कुठलं?