‘कॅश’ शब्दाची द्विविध व्युत्पत्ति

इंग्रजींतील ‘कॅश’ हा एक शब्द नसून दोन आहेत, ही गोष्ट जुने कागद वाचणारांच्या ध्यानांत पुष्कळदां राहत नाहीं. रोकड या अर्थाचा ‘कॅश’ लॅटिन ‘काप्सा’ म्हणजे पेटी, या शब्दापासून निघून इटालियन व फ्रेंच भाषांच्या द्वारें सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजींत आला. प्रथम त्याचा अर्थ पैशाची पेटी; मागाहून तींतील द्रव्य. दुसरा ‘कॅश’ म्हणजे तमिळ ‘कासु’ हें हलकें नाणें. तो पोर्तुगीज ‘कायशा’वरून इंग्रजांनीं उचलला. पोर्तुगीजांत पेटीसही ‘कायशा’च म्हणत असल्यामुळें घोटाळा अधिक वाढला. यूल व बर्नेल यांच्या 1886 च्या कोशांत हा भेद स्पष्ट केलेला आहे.

1818 पूर्वीं मद्रासेंत 80 कॅशचा एक फनम व 42 फनमांचा एक होन, असा हिशेब चाले. तेव्हां तेथील कागदांत ‘कॅश’ दिसतांच सरसकट ‘रोकड’ असें भाषांतर करणें आम्हांस मान्य नाहीं. असें केल्यास होनाचा 3,360 वा अंश एकदम शिल्लक रक्कम होऊन बसतो! होन, फनम व कॅश अशीं सदरें ओळीनें आलीं असतां तेथें नाणेंच समजावें. अन्यत्र संदर्भ पाहून निर्णय करावा. कोश उघडण्यापूर्वीं सदर पाहावें, इतकेंच आमचें सांगणें.